दादाचे गाणे टीव्हीवर कधी येणार? वारज्यातील तरुणांच्या प्रश्नाला उत्तर

वारजे-माळवाडीत पौर्णिमेची वंदना संपली की तरुण मंडळी विहाराच्या पायऱ्यांवर थोडा वेळ थांबतात. गेल्या वेळी तिथे एकच विषय होता. वस्तीतल्या एका गायकाचा भीम-बुद्ध गीतांचा नवा अल्बम आला आहे. सहा गाणी आहेत, आवाज खणखणीत आहे, चाली साध्या आणि लक्षात राहणाऱ्या आहेत. यूट्यूबवर मात्र पाहणारे काही हजारांच्या पुढे जात नाहीत. पोरांचे म्हणणे असे की टीव्हीवर एकदा गाणे लागू द्या, मग बघा. एकाने वाहिनीला निवेदन देऊ म्हटले, दुसऱ्याने हॅशटॅग चालवू म्हटले, तिसरा तर वाहिनीच्या दारात आंदोलन करायला निघाला होता.

भावना खरी आहे. पण निवेदन द्यायचे तर कोणाच्या टेबलावर, आणि मागायचे नेमके काय, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून हा लेख. गायकाने आपले नाव नको असे सांगितले, त्यामुळे इथे तो फक्त दादा.

पहिला घोळ ‘टीव्ही’ या शब्दातच आहे. संध्याकाळी घरोघरी मालिका दाखवणाऱ्या मनोरंजन वाहिन्यांवर नव्या अल्बमसाठी जागाच नसते. तिथे गाणे शिरते ते मालिकेचे शीर्षकगीत म्हणून, गाण्याच्या स्पर्धेत, नाहीतर एखाद्या सोहळ्यात. स्पर्धेत गाजलेलीच गाणी गायची असतात, स्वतःचे नवे गाणे तिथे चालत नाही. शीर्षकगीताची ताकद किती असते ते आपण पाहिले आहे. १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर - महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. आदर्श शिंदे यांच्या आवाजातले तिचे शीर्षकगीत एरवी भीमगीत न ऐकणाऱ्या घरांतही गेले. चौदा एप्रिल नव्हता, सहा डिसेंबर नव्हता, तरी महामानवाचे गाणे रोज वाजत होते. पण ते गाणे वाहिनीनेच करून घेतलेले होते. ते बाहेरून निवेदन देऊन आत गेले नव्हते.

दुसरा प्रकार म्हणजे चोवीस तास गाणी लावणाऱ्या संगीत वाहिन्या. इथे गाणे पाठवते ती म्युझिक कंपनी, आणि नवे गाणे ठरावीक वेळा दाखवण्यासाठी बऱ्याचदा कंपनीच पैसे मोजते. प्रेक्षकांना वाटते, गाणे आवडले म्हणून लागले. अनेकदा गाणे लागते म्हणून आवडू लागते.

या ठिकाणी एक अट आहे, जी आपल्या तरुण गायकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार म्युझिक व्हिडिओ किंवा अल्बम वाहिनीवर दाखवायचा तर सेन्सॉर बोर्डाचे, सर्वांनी पाहण्यास योग्य असल्याचे, म्हणजे ‘यू’ प्रमाणपत्र लागते. यूट्यूबला ते लागत नाही, त्यामुळे कोणी काढतच नाही. अर्ज ऑनलाइन होतो, बोर्डाचे प्रादेशिक कार्यालय मुंबईत आहे. त्यासोबत गीतकार, संगीतकार आणि निर्माता यांचे ना-हरकत पत्र, शिवाय प्रक्षेपणाच्या दर्जाची मूळ फाइल. व्हॉट्सअॅपवरून चार वेळा फिरलेली फाइल चालत नाही. दादाकडे यांपैकी एकही गोष्ट तयार नव्हती. वाहिनीच्या दारात शंभर जण उभे केले असते, आणि आतला माणूस उद्या गाणे लावायला राजी झाला असता, तरी ते लावता आले नसते.

तिसरा दरवाजा सरकारी. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ पासून आहे. तिथे स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळवता येते: बी, बी-हाय, ए आणि टॉप. श्रेणी मिळाली की कार्यक्रम मिळू शकतो, मानधन मिळते, आणि सह्याद्री वाहिनीकडे जाताना हातात एक कागद असतो. आपल्या पोरांना हा रस्ता जुनाट वाटतो. मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण इथे वशिला चालत असला तरी नियमही लिहिलेला आहे, आणि लिहिलेल्या नियमावर बोट ठेवून जाब विचारता येतो.

चौथा दरवाजा आपलाच. लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया टीव्ही यांसारख्या वाहिन्या नागपुरातून उभ्या राहिल्या. लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा शेवट आठवा. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर लॉर्ड बुद्धा टीव्हीच्या उद्घाटन सोहळ्यात मंचावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. समाजाची स्वतःची वाहिनी असावी हे स्वप्न किती मोठे होते, ते त्या प्रसंगातून कळते. या वाहिन्यांवर नव्या कलावंतांना जागा मिळते, तरी आपलेच तरुण झी आणि स्टारकडे डोळे लावून बसतात. आपल्या वाहिनीवर गाणे लागले तर ते ‘टीव्हीवर आले’ असे आपल्याला का वाटत नाही, याचा विचार करायला हवा.

टीआरपीचेही थोडे समजून घेऊ. कोण काय पाहते हे मोजणारी बार्क ही संस्था देशभरात पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवते, आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधते. आपल्या वस्तीतल्या दोनशे घरांनी एकाच वेळी एक कार्यक्रम लावला आणि त्यांपैकी एकाही घरात मीटर नसले, तर त्या आठवड्याच्या आकड्यात ती दोनशे घरे वेगळी दिसत नाहीत. ‘सगळ्यांनी रात्री आठला चॅनल लावा’ असे मेसेज फिरतात, त्यांचा उपयोग म्हणून फार कमी. जाहिरातदार आकडे पाहतो आणि वाहिनी जाहिरातदाराकडे पाहते. आपला समाज मोठा प्रेक्षक आहे हे त्यांना कळते ते प्रामुख्याने एप्रिल महिन्यात.

खरी अडचण या कॅलेंडरची आहे. प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची भक्तिगीते वर्षभर देवळांत, चहाच्या टपऱ्यांवर, एसटीत वाजली. त्याच गळ्याने गायलेली भीमगीते मात्र आपल्या वस्त्यांबाहेर जयंतीपुरती ऐकू यायची. गळा एकच, मेहनत तीच, तरी एकाला वर्ष आणि दुसऱ्याला आठवडा. पुढे त्याच घरातला आदर्श लहान मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला दिसला याचा आनंद आहेच. पण खुर्ची मिळाली म्हणून भीमगीताला बाराही महिने जागा मिळाली असे झालेले नाही. निवेदन द्यायचेच असेल तर ते या मुद्द्यावर द्यावे. एका दादाचे एक गाणे लावा, अशी विनंती करून काही होणार नाही. भीम-बुद्ध गीते जयंती-महापरिनिर्वाण दिनापुरती का ठेवता, हा प्रश्न सह्याद्रीलाही विचारता येतो आणि खासगी वाहिन्यांनाही.

आता इतिहासाकडे. आपली गाणी टीव्हीमुळे पसरलेली नाहीत. भीमराव कर्डक यांच्या जलशांच्या काळात गाण्याने गावोगाव सभा उभी केली, तेव्हा रेडिओसुद्धा आपला नव्हता. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि तरी हजारो गीते रचली. ती लोकांच्या तोंडी राहिली, मग वहीत, मग कॅसेटमध्ये गेली. ऐंशीच्या दशकात जयंतीच्या आधी नव्या कॅसेटची वाट पाहणारी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. अलीकडचे उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात. हातात एकतारी, ना स्टुडिओ, ना कंपनी. कोणीतरी मोबाइलवर चित्रित केले आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. माध्यमे मुलाखतीला नंतर आली.

यातली एक बारीक गोष्ट सांगतो. वामनदादांच्या गीतात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. जलशात, कॅसेटवर गाणे शेवटपर्यंत ऐकले जायचे, त्यामुळे गाणे कोणाचे हे अडाणी माणसालाही कळायचे. कागदाची गरज नव्हती. आता गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा रीलमध्ये फिरतो, आणि तो नेमका धृपदाचा असतो. शेवटचे कडवे कापले गेले की कवीचे नावही कापले जाते. जयंतीला रील टाकणाऱ्या आपल्या पोरांनी खाली गीतकाराचे नाव लिहिल्याचे मी क्वचित पाहिले आहे.

आणि नाव गेले की काय होते, ते तमिळनाडूत दिसले. ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे मार्च २०२१ मध्ये आले. लिहिणारा आणि गाणारा अरिवू हा आपल्याच विचाराचा दलित कलावंत, आणि सोबत गायिका धी. मळ्यांत राबलेल्या भूमिहीन पूर्वजांची कहाणी त्यात आहे. गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारणा केली, गदारोळ झाला, मग मासिकाने अरिवूसाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितले की या गाण्यातून आपल्यापैकी कोणालाही एक पैसाही मिळालेला नाही. म्हणजे प्रसिद्धी होती, चाहते होते, देशभर नाव होते, आणि हिशेब शून्य.

हे सगळे मी का सांगतो आहे? कारण मधल्या काळात दादाच्या फोनवर एक पीडीएफ आली आहे. एका कंपनीने कळवले आहे की तुमची सहाही गाणी आमच्या नावावर करा, आम्ही ती टीव्हीवर लावू. करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द आहेत. रक्कम लिहिलेली नाही. किती वेळा, कोणत्या वाहिनीवर लावणार, तेही नाही. पोरे म्हणतात, सही कर दादा, संधी परत येत नाही.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, वाचला तर. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यात मोठा बदल झाला. अल्बममधल्या गाण्याचे हक्क कंपनीला दिले तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. ‘मी सोडला’ असे कोणी लिहून घेतले तरी ते टिकत नाही. हा वाटा वारसाला देता येतो किंवा हक्क वसूल करणाऱ्या सोसायटीकडे सोपवता येतो, कंपनीला नाही. गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपनी ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द न विसरता घालते. त्या दोन शब्दांवर काट मारून मुदत लिहा म्हणायला पैसे लागत नाहीत.

शिवाय ध्वनिमुद्रणाचा निर्माता कोण? कायद्याने, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचे भाडे, वादकांचे पैसे दादाने टेम्पो चालवून भरले. म्हणजे निर्माता तोच. आज सही केली तर उद्या स्वतःच्या चॅनलवर स्वतःचेच गाणे टाकल्यावर कंपनीचा दावा येईल, आणि मग आपण कोणाच्या दारात आंदोलन करणार?

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. अल्बममधली दोन गाणी दादाने लिहिलेली नाहीत. ती वस्तीतल्या एका काकूंनी लिहिली आहेत, ज्या पहाटे झाडलोटीच्या कामावर जातात. यूट्यूबवरच्या वर्णनात त्यांचे नाव नव्हते. दादाने मुद्दाम वगळले नव्हते, त्याच्या लक्षातच आले नाही. मी काकूंना विचारले तर म्हणाल्या, “बाबांचं गाणं हाय, माझं नाव कशाला?” त्यांचा मोठेपणा मान्य. पण कंपनी जेव्हा गाण्यावर पैसे घेईल तेव्हा ती ‘बाबांचं गाणं’ म्हणून सोडून देणार नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही सोसायटी १९६९ पासून मुंबईत आहे. काकूंनी त्या दोन गाण्यांसाठी तिथे नाव नोंदवले, तर वाहिनीवर गाणे लागल्यावर त्यांच्या वाट्याचा हिशेब निघण्याची सोय होते. नोंदणीच नसेल तर पैसे कोणाला द्यायचे हे सोसायटीला तरी कसे कळणार?

जयंती मंडळांबद्दलही बोलायला हवे, राग आला तरी. डीजेच्या भिंतीसाठी आपण लाखांची वर्गणी गोळा करतो आणि गायकाला म्हणतो, समाजाचे काम आहे, फुकट ये. त्याच भिंतीवर त्याचे गाणे वाजते, खाली नाव नाही, हातात मानधन नाही. मग तोच गायक ‘टीव्हीवर लावू’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला सगळे हक्क देऊन टाकतो, यात नवल काय? येत्या जयंतीला वारज्यातल्या मंडळांनी भिंतीचा एक थर कमी केला, तर दादाच्या साथीदारांसह पूर्ण कार्यक्रमाचे मानधन आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा खर्च त्यातून निघेल असा माझा अंदाज आहे. हिशेब मांडायला मी मंडळाच्या बैठकीत यायला तयार आहे.

तूर्तास तीन कामे सुरू झाली आहेत. यूट्यूबवरच्या वर्णनात काकूंचे नाव टाकले गेले, परवा रात्री. त्यांची मुलगी बारावीला आहे, ती आयपीआरएसचा अर्ज भरते आहे. आणि पीडीएफ दादाच्या फोनमध्ये सही न करता पडून आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्यातलेच एक वकील ती सगळ्यांसमोर ओळ न् ओळ वाचणार आहेत. ज्यांनी आपापले अल्बम काढले आहेत किंवा काढायचे आहेत, त्यांनी आपले करार घेऊन यावे. झेरॉक्स आणा, मूळ प्रत घरीच ठेवा.