गिरिसायकल, विद्युत्

डोंगराळ व खडकाळ वाटांवर चालविण्यासाठी बनविलेली, पुढील व मागील अशा दोन्ही चाकांना धक्के शोषणारी निलंबन यंत्रणा असलेली आणि विद्युत् चलित्राचे साहाय्य लाभणारी सायकल. ई-माउंटन बाइक या इंग्रजी नावानेही ती परिचित आहे. हिच्यातील चलित्र स्वाराची जागा घेत नाही. स्वार पेडल मारीत असेल तोवरच ते त्याच्या श्रमात भर घालते. निलंबन व चलित्र या दोन यंत्रणा परस्परांच्या उणिवा भरून काढतात, हे या वाहनाचे वैशिष्ट्य होय. दोहोंमुळे वाढणारे वजन, किंमत व गुंतागुंत या तिच्या मुख्य मर्यादा आहेत.

इतिहास : गिरिसायकलीचा उगम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात १९७०–८० या दशकात झाला. तेथील मौंट टॅमलपाइस या डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून कच्च्या वाटांनी उतरण्याच्या शर्यती लावीत. त्यांपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा तयार केला. गॅरी फिशर, चार्ल्स केली व टॉम रिची यांनी या सायकलींच्या विक्रीस आरंभ केला आणि १९८१ पासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. या सायकली प्रथम ताठ सांगाड्याच्या होत्या. १९९० च्या सुमारास धक्के शोषणारा पुढील चिमटा बाजारात आला व त्यानंतर मागील चाकासाठीही सांधेयुक्त रचना विकसित झाल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिक सामन्यांत गिरिसायकल शर्यतीचा प्रथमच समावेश झाला.

सायकलीला विद्युत् चलित्र जोडण्याची कल्पना याहून बरीच जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन यांना मागील चाकाच्या तुंब्यात चलित्र बसविलेल्या सायकलीचे अमेरिकन एकस्व १८९५ मध्ये मिळाले होते. तथापि पेडलावरील दाब मोजून त्या प्रमाणात साहाय्य देणारी सायकल यामाहा या जपानी कंपनीने १९९३ मध्ये विक्रीस आणली, तेव्हा या प्रकारास आधुनिक रूप आले. वजनाने हलक्या लिथियम-आयन विद्युत् घटांचा प्रसार झाल्यावर व २०१० नंतर यूरोपात क्रँकच्या आसाशी बसणारी आटोपशीर चलित्रे उपलब्ध झाल्यावर ही यंत्रणा गिरिसायकलीस सोयीची ठरली. २०१९ मध्ये कॅनडातील माँ-सँत-ॲन येथे विद्युत् गिरिसायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली.

रचना : सांगाडा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा किंवा कार्बन तंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकचा असतो. त्याचा मागील भाग धारव्यांवर फिरणाऱ्या सांध्यांनी पुढील भागास जोडलेला असून दोहोंच्या मध्ये धक्काशोषक असतो. धक्काशोषकातील दाबलेली हवा किंवा पोलादी स्प्रिंग धक्का झेलते, तर अरुंद छिद्रांतून वाहणारे तेल तिच्या आंदोलनांचे संदमन करते. चाकाची वरखाली होणारी हालचाल सामान्यतः १२० ते १८० मिमी. असते.

चलित्र बहुधा दोन्ही पेडलांच्या मध्ये, क्रँकच्या आसाशी असते. ते मागील चाकाच्या तुंब्यात बसविल्यास त्याचे वजन धक्काशोषकाच्या खाली, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागात पडते व चाक खाचखळग्यांचा मागोवा घेण्यात मागे पडते. मधल्या चलित्राचे वजन निलंबनाने तोलून धरलेल्या भागात राहते. शिवाय त्याची शक्ती साखळी व दंतचक्रे यांमधून चाकापर्यंत जात असल्याने चढावर कमी गतीचा दंतचक्रयोग वापरून तिचा पुरेपूर उपयोग करता येतो. यूरोपीय नियमांनुसार चलित्राची अखंड नियत शक्ती २५० वॉटपर्यंत असते. मात्र थोडा वेळ ते याच्या दुपटीहून अधिक शक्ती देऊ शकते. शक्तिमान प्रकारांत फिरविणारे परिबल सु. ८५ न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक असते. विद्युत् घटमाला सांगाड्याच्या खालच्या नळीत असून तिच्यात सामान्यतः ५०० ते ८०० वॉट-तास ऊर्जा साठते. पेडलावरील दाब, पेडलांची फिरण्याची गती व चाकाची गती यांची नोंद संवेदक घेतात व त्यानुसार नियंत्रक साहाय्याचे प्रमाण ठरवितो.

गुण : दोन्ही चाकांना निलंबन असलेली साधी गिरिसायकल उतारावर सुखद असली, तरी चढावर ती स्वारास थकविते. तिचे वजन ताठ सायकलीपेक्षा अधिक असते आणि पेडल मारताना सांगाडा डोलत राहिल्याने काही श्रम वाया जातात. चलित्रामुळे हा तोटा जवळजवळ जाणवेनासा होतो. उलट, चलित्र असलेल्या सायकलीस मागील निलंबन नसेल, तर दगडांच्या चढावर चाक उसळते, जमिनीची पकड सुटते व चलित्राची शक्ती चाक जागच्या जागी फिरविण्यात खर्च होते. निलंबनामुळे टायर जमिनीला धरून राहतो व ती शक्ती कामी येते. दोन्ही यंत्रणा एकत्र आणण्याचे खरे कारण हेच आहे.

साहाय्याचे प्रमाण पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. साहित्यासह ७५ किग्रॅ. वजनाचा, सातत्याने १०० वॉट शक्ती देऊ शकणारा स्वार १४ किग्रॅ. वजनाच्या साध्या सायकलीवरून १,००० मी. उंची चढला, तर केवळ गुरुत्वाविरुद्ध त्याला सु. २४२ वॉट-तास कार्य करावे लागते व त्यास सु. २ तास २५ मिनिटे लागतात. २५ किग्रॅ. वजनाच्या विद्युत् सायकलीने हेच कार्य सु. २७२ वॉट-तास होते. परंतु चलित्राने २०० वॉटची भर घातल्यास चढण सु. ५५ मिनिटांत संपते व स्वाराच्या वाट्यास सु. ९१ वॉट-तास एवढेच कार्य येते. चलित्राची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास घटमालेतून सु. २२७ वॉट-तास ऊर्जा खर्च होते. वाटेचे घर्षण व हवेचा रोध यांमुळे प्रत्यक्ष वेळ व खर्च याहून अधिक असतो.

वयोमान, आजार किंवा दुखापत यांमुळे डोंगरवाटांना मुकलेल्यांना या सायकलीने त्या पुन्हा खुल्या होतात आणि कमीअधिक ताकदीच्या व्यक्तींना एकत्र हिंडता येते. तिच्यावर व्यायाम घडत नाही, हा समज बरोबर नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात अनुभवी स्वारांच्या हृदयस्पंदनाचा सरासरी वेग विद्युत् गिरिसायकलीवर साध्या गिरिसायकलीवरील वेगाच्या ९४ टक्के आढळला. वजनाचाही एक फायदा आहे : चाकांच्या तुलनेत सांगाड्याचे वस्तुमान वाढल्याने व ते खालच्या बाजूस एकवटल्याने उतारावर सायकल कमी उसळते व स्थिर वाटते.

मर्यादा : साधी पूर्ण निलंबित गिरिसायकल १३ ते १६ किग्रॅ. भरते, तर तिचा विद्युत् प्रकार बहुधा २२ ते २६ किग्रॅ. भरतो. कुंपणावरून उचलून नेणे, जिन्यावरून चढविणे, मोटारीच्या टपावर ठेवणे ही कामे एकट्याला जड जातात. उतारावर स्थैर्य देणारे हेच वजन अरुंद वळणावर सायकल झटकन वळविताना किंवा अडथळ्यावरून पुढील चाक उचलताना आड येते. वरील उदाहरणातील १,००० मी. उंची उतरताना ब्रेकांना सु. १२ टक्के अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवावी लागते. म्हणून मोठ्या व्यासाच्या चकत्यांचे द्रवीय ब्रेक आवश्यक ठरतात व त्यांचे घर्षणपट्टे लवकर झिजतात. चढावर सहज मिळणारी उंची नवशिक्यास त्याच्या कौशल्यापलीकडच्या उतारांवर नेऊन ठेवते, हा धोकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

घटमाला रिकामी झाल्यास जड सायकल स्वतःच्या बळावर परत आणावी लागते. थंडीत घटमालेची उपलब्ध धारणा घटते. सु. ५०० ते १,००० पूर्ण भारणांनंतर तिची धारणा लक्षणीय कमी होते व नवी घटमाला महाग पडते. निरनिराळ्या उत्पादकांच्या घटमाला व चलित्रे सहसा परस्परांना चालत नाहीत. दोष शोधण्यास त्या त्या उत्पादकाचीच संगणकीय साधने लागतात. सर्वसाधारण सायकल दुरुस्ती करणाऱ्यास चलित्र उघडता येत नाही. चलित्राच्या जोरामुळे साखळी व दंतचक्रे अधिक झिजतात. धारवे, चिमटा व धक्काशोषक यांची नियमित देखभाल करावी लागते ती वेगळीच. प्रवासी विमानातून १६० वॉट-तासांहून मोठ्या सुट्या लिथियम घटमाला नेण्यास मनाई असल्याने ही सायकल घटमालेसह विमानाने नेता येत नाही.

नियमन : यूरोपीय संघात चलित्राचे साहाय्य ताशी २५ किमी. वेगापाशी बंद होणे आवश्यक असते. त्यापुढे सपाट रस्त्यावर सगळे वजन स्वारालाच ओढावे लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी तीन वर्ग ठरविले असून पहिल्या वर्गात पेडल मारतानाच, ताशी सु. ३२ किमी.पर्यंत साहाय्य मिळते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटहून कमी शक्तीची, ताशी २५ किमी.हून कमी वेगाची व ६० किग्रॅ.पर्यंत वजनाची, विहित अटी पाळणारी बॅटरीवर चालणारी वाहने मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळली आहेत. डोंगरातील पायवाटांवर या सायकलीस मुभा द्यावी की नाही, हा मात्र वादाचा विषय आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात २०१५ मध्ये झालेल्या एका चाचणीत पहिल्या वर्गाच्या विद्युत् सायकलीने होणारी मातीची हालचाल साध्या गिरिसायकलीच्या जवळपास व पेट्रोलवरील मोटारसायकलीपेक्षा पुष्कळच कमी आढळली. तरीही चढावरील वाढता वेग, पादचाऱ्यांची सुरक्षितता व दूरच्या शांत वनक्षेत्रांत वाढणारी वर्दळ हे आक्षेप केवळ जमिनीच्या झिजेवरून निकालात निघत नाहीत.

निवड व निगा : वाटा सौम्य व रुळलेल्या असतील, तर पुढील निलंबनाची हलकी व स्वस्त विद्युत् सायकल पुरते. दीर्घ चढ व दगडांचे उतार नेहमीचे असतील, तेथेच पूर्ण निलंबनाचा खर्च सार्थकी लागतो. या दोहोंच्या दरम्यान लहान चलित्र व ३२० ते ४०० वॉट-तासांची घटमाला असलेले, सु. १७ ते २० किग्रॅ. वजनाचे प्रकारही मिळतात. त्यांत साहाय्य कमी, पण चपळता अधिक असते. निलंबनातील हवेचा दाब स्वाराच्या वजनाप्रमाणे ठरवावा लागतो. तो न जुळविल्यास महाग यंत्रणाही निरुपयोगी ठरते. सायकल जोरदार फवाऱ्याने धुतल्यास पाणी धारव्यांत व विद्युत् जोडांत शिरते. घटमाला उत्पादकाच्याच भारकाने, ज्वलनशील वस्तूंपासून दूर व शक्यतो देखरेखीखाली भारित करावी. गोठणबिंदूखालील तापमानात ती भारित करू नये. आपटलेली, फुगलेली किंवा भिजलेली घटमाला वापरणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे असते. दीर्घकाळ ठेवावयाची झाल्यास ती अर्धवट भारित स्थितीत थंड व कोरड्या जागी ठेवतात आणि निकामी झाल्यावर कचऱ्यात न टाकता पुनर्वापरासाठी देतात. [→ सायकल].