भुवया उमटायला सहा आठवडे लागतात

मायक्रोब्लेडिंग करून घेतल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी तोंड टिपताना टॉवेलवर एक पातळ तपकिरी खपली येते. त्यावर भुवईच्या केसांच्या रेघासुद्धा दिसतात. आरशात पाहावं, तर खपली निघाली तिथली कातडी जवळजवळ कोरी. हजारो रुपये मोजलेले असतात, त्यामुळे पार्लरला लगेच फोन जातो. पलीकडून उत्तर येतं, ‘थांबा ताई, रंग परत येईल.’ ऐकणारीला ती थाप वाटते. पण काम नीट झालं असेल, तर ते उत्तर खरं असतं.

चेहऱ्यावरची बाह्यत्वचा मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी जाड असते आणि तिच्यातल्या पेशी साधारण चार आठवड्यांत झडून नव्या येतात. तिथे अडकलेला रंग पेशींबरोबर जातो. टिकायचा तो रंग तिच्याखालच्या अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या थरात पोचावा लागतो. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांची एक रांग बसवलेल्या पेनाने केसासारखे छेद देऊन तो तिथे उतरवतात. भुवयांना पावडरसारखी सलग छटा देणाऱ्या ‘पावडर ब्रोज’साठी किंवा ओठांच्या रंगासाठी यंत्र वापरतात. सुई खोल गेली तर रक्त जास्त येतं, रेघ फुटते, रंग निळसर-राखाडी दिसू लागतो. उथळ राहिली तर महिन्याभरात काही उरत नाही. आर्टिस्टच्या हाताची सगळी परीक्षा या एवढ्याशा अंतरात असते.

पहिले काही दिवस भुवया कोळशाने काढल्यासारख्या गडद दिसतात, कारण दोन्ही थरांतला रंग आणि वाळलेली लस एकदम दिसत असते. मग खाज सुटते, पापुद्रे निघतात. त्याखाली नव्याने तयार झालेली त्वचा दुधी काचेसारखी असते, खालचा रंग तिच्यातून दिसत नाही. चार ते सहा आठवड्यांत ती निवळते आणि रंग वर आल्यासारखा भासतो. टच-अपसाठी दीड-दोन महिन्यांनी बोलावतात ते यासाठीच. त्याआधी केलेली दुरुस्ती म्हणजे न भरलेल्या जखमेवर दुसरी जखम.

रंग आत टिकतो तो शरीराच्या प्रतिकारामुळे. अंतस्त्वचेत परका कण शिरला की मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. पण हे रंगकण त्यांना पचत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या प्रतिकारशास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून पाहिलं, तेव्हा या पेशी मेल्यावर त्यांनी सोडलेला रंग नव्या मॅक्रोफेज पुन्हा गिळताना आढळल्या. आजीच्या हातावरचं गोंदण साठ वर्षांनी दिसतं, त्यामागे हीच देवघेव असावी. भुवयांचा रंग मात्र मुद्दाम उथळ आणि कमी भरलेला असतो, शिवाय चेहऱ्यावर रोज ऊन पडतं. म्हणून तो साधारण एक ते तीन वर्षांत फिकट होतो.

हे सगळं जखम भरण्याचं शास्त्र आहे, आणि तयारीही त्याच दृष्टीने करावी लागते. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिडची क्रीम दोनेक आठवडे आधी थांबवतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर गोळ्या संपल्यावरही बहुतेक जण सहा महिने थांबायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती पार्लरमध्ये कोणी म्हटलं म्हणून बंद करायची नाही, ते हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. ताबा नसलेला मधुमेह, जाड वण उठण्याची प्रवृत्ती, गरोदरपण, चालू केमोथेरपी या गोष्टी लपवल्या, तर नुकसान आपलंच होतं.

ओठांचं प्रकरण अधिक नाजूक. ज्यांना तापानंतर ओठांच्या कडेला पाणीदार पुळ्या येतात, त्यांच्या मज्जातंतूंत हर्पिसचा विषाणू झोपलेला असतो आणि सुईच्या टोचण्याने तो जागा होऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर आधीपासून असायक्लोविर सुरू करतात. भारतातले त्वचातज्ज्ञ ओठांवरचं कोड औषधांना दाद देत नसेल तर याच तंत्राने तिथे रंग भरतात, आणि कित्येक रुग्णांना त्यामुळे चारचौघांत बोलायचा धीर येतो. पण कोड वर्षभर तरी स्थिर आहे ना, हे ते आधी पाहतात. पसरत्या कोडात सुईच्या जखमेवरच नवा डाग उमटू शकतो.

बधिर करणारी क्रीम निरुपद्रवी वाटते, पण तशी नाही. लिडोकेनचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त असलेल्या, दुकानात सहज मिळणाऱ्या क्रीमबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये इशारा दिला. मोठ्या भागावर, खूप वेळ किंवा वर प्लास्टिक गुंडाळून ती लावली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटके येऊ शकतात.

आधी थोडा रंग लावून पाहण्याच्या पॅच टेस्टवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण रंगाची अ‍ॅलर्जी काही वेळा महिन्यांनी, वर्षांनीही उठते. २००३-०४ च्या सुमारास अमेरिकेत पर्मनंट मेकअपच्या ठराविक रंगछटांबद्दल दीडशेहून जास्त तक्रारी आल्या होत्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून या शाईंतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले. रंगाइतकीच काळजी सुईचीही घ्यायची. तिचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच कसला? हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही दूषित सुईतूनही पसरतात.

घरी आल्यावरची पथ्यं सोपी आहेत, पाळणं अवघड. पहिल्या दिवशी लस हलक्या हाताने टिपायची, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावायचं, खपली खाजवायची नाही. दहा-बारा दिवस पोहणं, वाफ, जिमचा घाम टाळायचा. हळद, खोबरेल, कुंडीतली कोरफड भुवईवर नको. उघड्या जखमेला निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू धोक्याचीच. हळदी समारंभात तर चेहरा हळदीने माखतो. त्यामुळे मेमधल्या लग्नासाठी पहिली बैठक फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवी, म्हणजे टच-अप आणि त्यानंतरचं भरून येणं दोन्ही मावतं. आठवड्यावर लग्न असताना भुवया करून देणाऱ्यांकडे जाऊच नये.

थोडी सूज, लाली दोन-तीन दिवसांत उतरते. त्यानंतर वेदना वाढली, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर पार्लरला फोटो पाठवत बसू नका, त्वचातज्ज्ञ गाठा. रंग आवडला नाही म्हणून घाईने लेझरही करू नका. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी, लालसर रंग लेझरने उलट काळे पडू शकतात. एमआरआयच्या वेळी अशा रंगाच्या जागी क्वचित जळजळ किंवा सूज येते, तेव्हा तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा. आणि खुर्चीत बसण्यापूर्वी रंगाच्या बाटलीवरचं नाव व बॅच क्रमांक यांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पुढे काही बिघडलंच, तर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.