विहिरीवरच्या पेटीतला रोबॉट

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याच्या शिवारात विहिरींवर लोखंडी पेट्या दिसतात. पेटीत पंपाचा स्टार्टर असतो आणि पुष्कळदा त्याला जोडलेला ऑटो स्विच. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. ती आली की ऑटो स्विच आपणहून मोटार सुरू करतो आणि शेतकऱ्याची रात्रीची एक फेरी वाचते. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल, तर तीनपैकी एक फेज गेल्याबरोबर मोटार बंद होते. वीज आहे का हे ओळखायचे, त्यावरून काय करायचे ते ठरवायचे आणि मग ते करायचे. रोबॉटिक्स नावाचे सगळे शास्त्र याच तीन कामांवर उभे आहे.

गावातल्या मुलांना ही पेटी लहानपणापासून ठाऊक असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या बुद्धिमान मुलांना रोबॉटिक्स शिकवायचे, तर सुरुवात या पेटीपासूनच व्हायला हवी.

शहरांमधल्या उन्हाळी शिबिरांत सहसा तयार संच मिळतो. त्यात चाके, दोन छोट्या मोटारी, सेन्सर आणि क्रमवार सूचनांची पुस्तिका असते. दोन-तीन दिवसांत गाडी काळ्या रेषेवरून धावू लागते आणि मुले खूश होतात. त्या आनंदात खोट काढण्याजोगे काही नाही. मात्र ज्याची बुद्धी खरोखर वेगाने चालते, त्या मुलाचे काम तिथे फार लवकर संपते. पुस्तिकेतली शेवटची पायरी झाली की त्याने पुढे काय करावे, हे कुणी ठरवलेले नसते.

असे मूल ओळखायचे कसे, हा त्याआधीचा प्रश्न. खेड्यात त्याचे उत्तर बहुतेक वेळा शिष्यवृत्ती परीक्षा आणि नवोदयची निवड चाचणी हेच असते. नवोदय विद्यालयात सहावीला ८० जागा असतात आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. या योजनेने असंख्य घरांचे भवितव्य बदलले. पण बुद्धी एकाच चाचणीत मावत नाही, हे महाराष्ट्राने फार आधी अनुभवले आहे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच. तिथे डॉ. उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून बुद्धीच्या अनेक पैलूंचा अभ्यास केला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा अनुभव याहून बोलका आहे. १९८० च्या दशकात व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांमधून होतकरू मुले निवडली आणि त्यांना अनेक महिने साथ दिली. दहावीपर्यंत त्या मुलांनी दाखवलेली प्रगती ठळक होती. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञान शिकण्यातला मोठा अडसर असतो, हेही याच केंद्राच्या अभ्यासांतून दिसून आले. रोबॉटिक्स इंग्रजीतच शिकवले पाहिजे असे मानणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

मुलाच्या हाती यंत्र देऊन विचार शिकवण्याची कल्पना सेमूर पॅपर्ट यांची. जिनिव्हात झां पियाजे यांच्याबरोबर काम केल्यावर ते अमेरिकेत एमआयटीत गेले. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर रेघ ओढत चालणारे एक यांत्रिक कासव आले. कासव चुकीच्या दिशेला वळले, तर मुलाने स्वतःच्या पायांनी तेवढीच पावले चालून पाहायची आणि आज्ञेत काय चुकले ते शोधायचे. चूक शोधणे हेच शिकणे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. बुद्धिमान मुलांच्या शिबिरात तो काटेकोरपणे पाळायला हवा, कारण वर्गात ज्याचे उत्तर नेहमी बरोबर येते त्या मुलाला चुकांबरोबर राहण्याची सवयच नसते.

आता एक साधा सेन्सर घेऊ. दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तो ४० किलोहर्ट्‌झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे, की समोरच्या भिंतीचे अंतर मिळते. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० ते ३४३ मीटर दिलेला असतो. पण हा वेग साधारण २० अंश तापमानाचा आहे! जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५५ मीटर वेगाने जातो. त्यामुळे दुपारी बरोबर दोन मीटरवर असलेली भिंत यंत्राला १९३ सेंटिमीटरवर दिसते. पहाटे मोजले, तर फरक बराच कमी होतो.

घाईच्या शिबिरात हे सात सेंटिमीटर कुणाच्या लक्षात येत नाहीत, आले तरी सेन्सर स्वस्तातला आहे म्हणून सोडून दिले जातात. शिबिराचे खरे काम मात्र इथूनच सुरू होते. एखादी मुलगी दिवसभर दर तासाला मोजमाप घेईल, शेजारी तापमान लिहील, आलेख काढेल आणि चूक उन्हाबरोबर वाढते हे स्वतः शोधून काढेल. मग तापमापक सेन्सर जोडून प्रोग्रॅममध्ये वेग दुरुस्त करणे हा पुढचा तासाभराचा मामला. मराठवाड्याचे ऊन तिची प्रयोगशाळा होऊ शकते. वातानुकूलित वर्गात हा प्रयोग जमणारच नाही.

ऑटो स्विचमध्ये तर याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. हे स्विच वापरू नका, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करते. इंडक्शन मोटार थेट सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहापटीच्या घरात विद्युतप्रवाह खेचते. वीज आली आणि एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम सुरू झाले, तर भार झेपत नाही आणि रोहित्र जळते. ते बदलून मिळेपर्यंत पीक सुकते. शेतकऱ्याला स्विच हवा, रोहित्रही टिकायला हवे.

हा प्रश्न शिबिरातल्या टेबलावर मांडता येतो. दहा छोट्या मोटारी एकाच कमकुवत बॅटरीवर जोडायच्या. सगळ्या एकदम सुरू केल्या, की व्होल्टेज कोसळते. आता प्रत्येक मोटारीला तिचा तिचा मायक्रोकंट्रोलर द्यायचा आणि अट घालायची, की एकमेकांशी बोलायचे नाही. कुणी क्रमांक ठरवून देईल, मग अकरावी मोटार आली की गोंधळ उडेल. शेवटी कुणाला तरी सुचेल, की प्रत्येकीने चिठ्ठी उचलल्याप्रमाणे थांबण्याचा काळ निवडावा. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा संदेश एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हाच मार्ग काढला होता. आजच्या वायफायमध्येही हे तत्त्व वापरतात. अकरा-बारा वर्षांचे मूल आपल्या विहिरीवरून तिथवर पोहोचू शकते आणि त्याला तसे पोहोचू द्यावे.

विहिरीवरच्या प्रश्नातून यंत्र घडल्याचे उदाहरण पुण्यातच आहे. आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहिलेले अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ तयार केले. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

शाळांसाठी साधने येऊ लागली आहेत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब सुरू केल्या. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा झाली. खटकते ते एवढेच, की मुलांना सलग वेळ मिळतो तो मे महिन्यात आणि नेमकी तेव्हा शाळा बंद असते. तालुक्यातली एक लॅब तीन आठवडे उघडी ठेवली आणि आसपासच्या गावांतली मुले तिथे येऊ शकली, तरी पुष्कळ साधेल.

शिकवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर पाबळमध्ये सापडते. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये ती मोडते. डिझेल इंजिनाचे टायमिंग तपासणे, दुधाची प्रत मोजणे असे गावचे प्रश्न तिथे हाताळले गेले. शाळांमधल्या आश्रमाच्या तंत्रशिक्षणात गावातलेच कारागीर निदेशक म्हणून येतात. केदारखेड्याच्या परिसरात हे काम मोटार रिवायंडिंग करणारा मिस्त्री आणि जालन्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातला एखादा विद्यार्थी मिळून करू शकतील. मिस्त्रीला जळालेल्या मोटारीचे कारण वासावरून कळते, विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहिता येतो. पहिल्या दिवशी दोघांनी मुलांसमोर एक जुनी स्टार्टरची पेटी उघडून ठेवावी आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्या हाती द्यावेत.