न दिसणारे कवच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीने वर्गात स्टीलचा एक डबा आणला. बाहेरून तो नव्यासारखा चकचकीत होता. झाकण काढून आत पाहिले, तर तळाशी तांबूस ठिपके दिसले. डबा खिडकीकडे धरला, तेव्हा एका ठिपक्यातून उजेडाचा बारीक किरण आत आला. डब्याला चक्क भोक पडले होते!

"सर, अम्मी म्हणते दुकानदाराने फसवले. स्टील सांगून लोखंड दिले," ती म्हणाली.

"घेताना तपासून घेतला नव्हता का?"

"घेतला होता. त्याने लोहचुंबक लावून दाखवले. ते चिकटले नाही."

"आणि या डब्यात तुम्ही काय ठेवत होता?"

"जाडे मीठ. चार वर्षे झाली."

दुकानदार खोटा की खरा, हे ठरवायचे तर आधी गंज म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. उर्दूत ज्याला ज़ंग म्हणतात, त्यालाच मराठीत गंज म्हणतात. आपल्या वऱ्हाडात मात्र गंज म्हणजे पातेलेही! त्यामुळे 'गंजाला गंज चढला' हे वाक्य इकडे अगदी बरोबर ठरते.

लोखंडाला हवा आणि ओलावा मिळाला, की लोखंड व हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग होतो आणि तांबूस भुकटी तयार होते. हा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि त्यालाही गंज चढतो. पावसाळ्यात अंगणात विसरलेला विळा दिवाळीपर्यंत कसा होतो, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको.

स्टेनलेस स्टीलमध्येही मुख्य धातू लोखंडच असते. पण त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. त्याचे प्रमाण निदान साडेदहा टक्के तरी लागते. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये ते सुमारे १८ टक्के असते आणि जोडीला सुमारे ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचाही ऑक्सिजनशी संयोग होतो, म्हणजे एका अर्थाने त्यालाही गंजच चढतो. पण हा गंज भुसभुशीत नसतो. तो घट्ट, सलग आणि पारदर्शक असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांएवढीच त्याची जाडी भरते. एवढे पातळ कवच डोळ्यांना दिसत नाही. स्टीलचे सगळे संरक्षण मात्र तेच करते. त्याचा मोठा गुण असा, की भांड्यावर ओरखडा उठला तरी हवा लागताच तेथे नवे कवच आपोआप तयार होते. रंग किंवा मुलामा यांना हे जमत नाही.

या स्टीलच्या शोधाचा संबंध स्वयंपाकघराशी नव्हे, तर बंदुकीशी आहे. इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे हॅरी ब्रेअर्ली नावाचा संशोधक बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधत होता. (पोलाद म्हणजे तुमचे फ़ौलाद.) १९१३ साली त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. परीक्षेसाठी त्यावर आम्ल टाकले, तर त्याचा काहीच परिणाम होईना. सिरका आणि लिंबाच्या रसालाही ते दाद देईना. शेफील्ड हे सुऱ्या-चाकूंचेही गाव असल्यामुळे हे पोलाद बंदुकीऐवजी आधी जेवणाच्या टेबलावर पोहोचले.

असे असताना डब्याला भोक कसे पडले? मिठामध्ये क्लोरीनचा अंश असतो. ओल्या मिठातील हा क्लोराइडचा अंश कवचात एखादी कमजोर जागा गाठून तेथे शिरतो. डबा रोज धुतला आणि कोरडा केला, तर ती जागा पुन्हा भरून येते. पण पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते आणि ते तळाशी साचून राहते. त्या थराखाली हवा नीट पोहोचत नाही, म्हणून नवे कवच धरत नाही. मग बारीकसा खड्डा पडतो. खड्ड्यातील पाणी आंबट, म्हणजे आम्लधर्मी होत जाते आणि खड्डा आणखी खोल जातो. बाहेरचा सगळा डबा झगझगीत राहतो आणि एकाच जागी सुईने टोचल्यासारखे भोक पडते. साधे लोखंड सगळीकडून गंजते, त्यामुळे ते निदान लपून तरी राहत नाही!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट समजून घेणे विशेष गरजेचे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील कितीतरी गावांत विहिरीचे पाणी खारे लागते. असे पाणी स्टीलच्या टाकीत किंवा घागरीत दिवसेंदिवस साठवले, तर तळाशी पांढरा थर बसतो आणि त्याखाली तेच घडते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण भांड्यांच्या बाबतीत आपण किनाऱ्यावरच राहतो म्हणा ना!

"मग डब्याला आतून कल्हई करावी का?" एका मुलाने विचारले.

प्रश्न चांगला होता. कल्हई म्हणजे उर्दूतील क़लई. हा शब्द अरबीतून आला आणि दोन्ही भाषांत रुळला. लग्नात बिर्याणी शिजते ती तांब्याची देग तुम्ही पाहिली असेल. आंबट पदार्थांत तांबे उतरते आणि ते पोटाला घातक असते. म्हणून कल्हईवाला देग तापवतो, आतून नवसागर, म्हणजे नौशादर, फिरवून ती स्वच्छ करतो. पांढरा धूर निघतो. मग कथील लावून तो कापसाच्या बोळ्याने पसरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोळशाची लहान भट्टी आणि भाता एवढे साहित्य पुरते. कथिलात स्वस्त शिसे मिसळले, तर मात्र ती कल्हई तांब्याहूनही वाईट, कारण शिसे विषारी आहे. कल्हई काही महिन्यांनी झिजते आणि पुन्हा करावी लागते. स्टीलवर मात्र कथील सहजासहजी धरत नाही. त्याचे स्वतःचे कवचच कथिलाला दूर ठेवते.

हीच अडचण स्टेनलेस स्टीलच्या पिस्तुलाला येते. पिस्तूल तासन् तास कमरेला असते. त्याला घाम लागतो आणि घामात मीठ असते. चामड्याची खोळ ओलावा धरून ठेवते. साध्या पोलादाच्या बंदुकीला क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवून निळसर काळी झाक देतात. ती झाक म्हणजे रंग नसून मुद्दाम चढवलेला घट्ट काळा गंजच असतो. काट्याने काटा काढावा, तसा हा उपाय. पण ही नेहमीची झाक स्टेनलेस स्टीलवर बसत नाही. त्यासाठी दुसरे उपाय करतात. विजेच्या साहाय्याने टणक क्रोमियमचा मुलामा देतात. तो सहसा झिजत नाही, पण त्यात केसाहून बारीक भेगा असतात. कोणी पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. त्याने स्टील कठीण होते, पण उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर क्रोमियम नायट्रोजनशीच बांधले जाते आणि कवचासाठी पुरेसे उरत नाही. भट्टीत भाजून पक्का केलेला रंग घामाला चांगला अडवतो, पण खोळीत घासून कडांवरचा रंग जातो. माझ्या मते घामासाठी हा शेवटचा उपाय बरा, कारण रंग गेला तरी खाली स्टीलचे आपले कवच असतेच. उपाय कोणताही असो, आधी धातू तेल आणि मळ काढून पूर्ण स्वच्छ करावा लागतो. आपला कल्हईवालाही नवसागर फिरवतो तो याचसाठी.

राहिला दुकानदार. त्याने फसवले असे म्हणता येत नाही. चांगल्या स्टीललाही चार वर्षांच्या ओल्या मिठाने भोक पडू शकते. लोहचुंबकाची परीक्षा मात्र पुरी नाही. निकेल कमी असलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. मिठाला सुमारे दोन टक्के मॉलिब्डेनम घातलेले स्टील जास्त दाद देत नाही, पण ते महाग पडते. तारेच्या काथ्याने घासणेही टाळावे. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि त्यांनाच गंज चढतो. भांडी घासायला नारळाचा काथ्या चांगला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सांगत आली, की अम्मीने मीठ चिनी मातीच्या बरणीत काढले. डबा तिने फेकला नाही. त्यात आता सुया, दोरे आणि बटणे आहेत.