बापाची जमीन, मुलाची सही

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. पीककर्जासाठी कोणी समोर आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सातबारा आणलात का?’ एकदा एक म्हातारबा आले. म्हणाले, ‘‘सायेब, चाळीस वर्षं जमीन मीच कसतोय. सारा गाव सांगंल.’’ गाव सांगेल हो, पण उताऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. मी अर्ज परत केला. नियमाने बरोबरच होते ते. पण टोपी नीट करत ते मुकाट्याने उठले, ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे अब्राहम लिंकनचे चरित्र वाचताना हे म्हातारबा मला पुन्हा भेटले, त्याच्या वडिलांच्या रूपाने.

थॉमस लिंकनचा जन्म १७७८चा, व्हर्जिनियातला. त्याच्या वडिलांनी डोंगर ओलांडून केंटकीच्या रानात बिऱ्हाड हलवले. ती आदिवासी जमातींची शिकारीची भूमी. गोरे तिथे कुंपणे घालत निघाले होते आणि त्यावरून दोन्हीकडचे रक्त सांडत होते. १७८६ मध्ये शेतात काम करतानाच थॉमसचे वडील मारले गेले. आठ वर्षांचे पोर प्रेतापाशी उभे. थोरल्या भावाने बंदूक चालवली म्हणून ते वाचले. कायद्याने जमीन थोरल्याची झाली. थॉमसच्या वाट्याला मोलमजुरी आली. पुढे तो सुतारकाम शिकला. अक्षरओळख म्हणाल तर जेमतेम सहीपुरती.

तरीही गड्याने पैसा गाठीला बांधून केंटकीत एकामागून एक तीन शेते केली, आणि तिन्ही ठिकाणी हद्दीचा नाहीतर मालकीचा घोळ निघाला. तिथे सरकारी मोजणी नव्हतीच. ‘या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत’ अशा चतुःसीमा! एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे दावे. अखेर १८१६ मध्ये बायको आणि दोन मुले घेऊन तो इंडियानात गेला. तिथे गुलामगिरीला मनाई होती, आणि मुख्य म्हणजे जमीन सरकारने मोजून चौकोन पाडलेली होती.

तिथे १६० एकर धरले, एकरी दोन डॉलर भावाने, हप्त्यांवर. दोन वर्षे होतात न होतात तोच १८१८ मध्ये बायको नॅन्सी गेली. रानातले विषारी झुडूप गाईंनी खाल्ले की त्यांचे दूधही विषारी होई. थॉमसने स्वतःच्या हाताने तिची शवपेटी केली. वर्षभराने त्याने एका विधवेशी लग्न केले. सारा तिचे नाव. ती आपली तीन मुले घेऊन आली आणि नॅन्सीच्या पोरांनाही तिने पदराखाली घेतले. हप्ते मात्र फिटेनात. १८२७ मध्ये निम्मी जमीन सोडून दिली, तेव्हा कुठे ८० एकरांचा कागद हाती आला.

बापलेकाचे फारसे जमले नाही. बाप मुलाला शेजाऱ्यांकडे मजुरीला धाडी आणि मजुरी स्वतः घेई. मुलाचा जीव पुस्तकांत. १८५१ मध्ये थॉमस वारला तेव्हा लिंकन अंत्यविधीला गेला नाही. सावत्र आईला मात्र राष्ट्राध्यक्षपद स्वीकारायला निघण्यापूर्वी आवर्जून भेटून आला.

आणि २० मे १८६२ रोजी, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, याच मुलाने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहा, जमीन कसा, नावापुरती फी भरा. सरकारी जमीन तुमच्या नावावर. किती एकर? १६०! बापाला जेवढी पेलली नाही, नेमकी तेवढीच. ती जमीन रिकामी नव्हती, तिच्यावरून मूळ रहिवासी हुसकले गेले, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे. एकाच्या नावाची नोंद झाली, की दुसऱ्या कोणाचे तरी नाव खोडले जाते.

पण जो कसतो त्याच्या कसण्याला कागदावर किंमत मिळाली, हेही खरेच. माझ्या म्हातारबांची मागणी तरी याहून वेगळी कुठे होती? त्यांच्यापाशी चाळीस वर्षांचा घाम होता, आणि माझ्या टेबलावर त्यासाठी रकाना नव्हता.