केनिया : दर पाच वर्षांची धास्ती

२७ डिसेंबर २००७ चं मतदान बऱ्यापैकी शांततेत पार पडलं. घोळ झाला तो मोजणीत. सुरुवातीला आघाडीवर असलेले विरोधी उमेदवार राइला ओडिंगा मागे पडले आणि ३० तारखेला अध्यक्ष म्वाई किबाकी सुमारे २ लाख ३० हजार मतांनी विजयी जाहीर झाले. तासाभरात, दिवेलागणीला, शपथविधीही उरकला. एवढी घाई कशाची, याचं पटेल असं उत्तर कधीच मिळालं नाही. किसुमू, एल्डोरेट, नैरोबीतली किबेरा वस्ती पेटली. किबाकी खरोखर जिंकले का, हे आपल्याला ठाऊक नाही, असं खुद्द निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनी दोन-तीन दिवसांत सांगून टाकलं!

दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसं मारली गेली, सुमारे ६ लाख विस्थापित झाली. निमित्त निकालाचं होतं. रिफ्ट व्हॅलीतला जमिनींचा वाद त्याहून जुना. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला आणि ओडिंगा पंतप्रधान झाले.

भीती मात्र मुरली. २०१७ मध्ये मतदानाआधी लोकांनी घरात धान्य-पीठ भरून ठेवलं, मिश्र वस्तीतली अनेक कुटुंबं मूळ गावी गेली. त्या वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरवली. आफ्रिकेत हे प्रथमच घडत होतं. फेरमतदानावर ओडिंगांनी बहिष्कार टाकला.

२०२२ मध्ये विल्यम रूटो यांच्या विजयाचा निकाल आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी नाकारला. वाद या वेळी कोर्टातच मिटला.