‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाची लाइफ?

डाव्या पायाला रिटायरमेंट देणारी गाडी आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नलला उभं राहून आजूबाजूला पाहा, क्लच न दाबणारी मंडळी सहज दिसतील. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि ‘ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ हा समज एकदम स्वस्तात मोडला. त्यात भर पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या पोरापोरींची. तिथल्या ट्रॅफिकला कंटाळून सेकंडहॅण्ड ऑटोमॅटिक घ्यायची, दोन-तीन वर्षं चालवायची आणि मग ‘बाबांना सोयीची पडेल’ म्हणून अकोल्याला किंवा अमरावतीला आणून ठेवायची. बाबा खूश, आई त्याहून खूश.

गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटरला आली की घरात एक वाद सुरू होतो. ट्रान्समिशनचं ऑइल बदलायचं की नाही? सर्व्हिस सेंटरचा टायवाला म्हणतो, ‘सर, ते लाइफटाइम आहे, हात लावायची गरजच नाही.’ व्हिडीओतला एक्सपर्ट म्हणतो, चाळीस हजारला बदला, नाही तर मेलात. आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, ‘‘चालू हाये न गाडी? मंग कायले छेडता तिले? ऑइल बदलवलं का बसलीच समजा!’’

ऐकायचं कोणाचं? प्रश्न साधा वाटतो, पण ऑइल बदलायचा खर्च हजारांत असतो आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर बिल लाखाकडे सरकतं. ईएमआय भरणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. म्हणून मी अमरावती-अकोल्यातली गॅरेजेस पालथी घातली आणि चार-पाच गाड्यांची ओनर्स मॅन्युअल्स वाचून काढली. (हो, ग्लव्ह बॉक्समधलं ते जाडजूड पुस्तक वाचण्यासाठी असतं!) माझं मत सांगायचं तर तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत आणि तिघांपैकी एकाचंही डोळे झाकून ऐकण्यात अर्थ नाही.

आधी सांगा, तुमची ‘ऑटोमॅटिक’ कुठली?

इथेच निम्मे लोक घसरतात. दोन पेडल म्हणजे ऑटोमॅटिक, इतकंच आपल्याला माहीत. पण त्या दोन पेडलच्या मागे चार वेगळ्या जातीच्या मशिन्स असू शकतात.

तुमच्या गाडीवर एएमटी किंवा एजीएस लिहिलं असेल, तर आतमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. क्लच तुमच्याऐवजी एक यंत्र दाबतं, बस्स. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, नसतंच. असतं ते मॅन्युअल गाडीसारखं गिअर ऑइल. ते मॅन्युअलमधल्या वेळापत्रकाप्रमाणे तपासायचं, बदलायचं. मारुतीच्या एजीएसमध्ये क्लच हलवणाऱ्या यंत्रणेचं वेगळं हायड्रॉलिक ऑइल असतं, त्याची लेव्हल पाहून घ्यायची. एएमटीवाल्याने खरी काळजी करायची ती क्लच प्लेटची. चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि एएमटीत कोणी ‘एटीएफ फ्लश’ करून देतो म्हणाला, तर गोड हसून तिथून बाहेर पडा.

एटी लिहिलं असेल तर बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे अस्सल जुन्या पठडीतली ऑटोमॅटिक. हिच्यात एटीएफ असतं. सीव्हीटी किंवा आयव्हीटी असेल तर आत गिअर नाहीत, दोन पुली आणि त्यांच्यावर चालणारा स्टीलचा बेल्ट किंवा चेन. हिचं फ्लुइड वेगळं, कारण बेल्टची पकडच त्या फ्लुइडच्या भरवशावर असते. डीसीटी किंवा डीएसजी म्हणजे दोन क्लचवाली, आणि तिच्यातही ओली-कोरडी असा भेद आहे. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या सहा-गिअरी डीएसजीला दर ६० हजार किलोमीटरला ऑइल बदला असं कंपनीच सांगते, कोरड्या क्लचच्या सात-गिअरीला तसं बंधन नाही. एकाच कंपनीचे दोन डबे आणि दोन वेगळे नियम! मग मित्राच्या गाडीवरून आपल्या गाडीचा निर्णय कसा घेणार?

लाल पाण्याची चार कामं

इंजिन ऑइलचं काम मुख्यतः वंगणाचं. एटीएफ बिचारं चार नोकऱ्या करतं. वंगण देतं, उष्णता वाहून नेतं, हायड्रॉलिक प्रेशरने गिअर बदलवतं आणि आतल्या क्लच प्लेट्सना पकड देतं. ही पकड मोठी नाजूक गोष्ट आहे. प्लेट्स फार घसरायलाही नकोत आणि झटक्याने चिकटायलाही नकोत. त्यासाठी ऑइलमध्ये ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ नावाची रसायनं घालतात. एक गंमत (खरं तर गंमत नव्हे) सांगते. एकेकाळी अमेरिकेत या कामासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि गिअरबॉक्स बिघडायचं प्रमाण वाढलं. मग केमिस्ट मंडळींना नवा फॉर्म्युला शोधत बसावं लागलं. तात्पर्य, हे ‘कुठलंही चालतंय’ छाप तेल नाही.

ही रसायनं वापराने आणि मुख्य म्हणजे उष्णतेने संपत जातात. तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रेडिएटरमधून जाणारी हवाच भट्टीतून आल्यासारखी असते. ऑइल थंड होणार कसं? ह्युंदाईच्या बऱ्याच मॅन्युअल्समध्ये ‘सिव्हिअर’ म्हणजे कठीण वापराची एक यादी असते. त्यात एक ओळ आहे, ३२ अंशांच्या वर तापमान असताना गर्दीत गाडी चालवणं. बत्तीस! आपल्याकडे बत्तीस म्हणजे ‘आज जरा बरं वाटते नाही?’ अशातला दिवस. त्याच यादीत धुळीचे रस्ते, चढ-उतार, पुन्हा पुन्हा छोट्या फेऱ्या हेही आहे. थोडक्यात, तिथे ज्याला कठीण म्हटलंय त्यालाच आपण रोजचं म्हणतो.

म्हणूनच ‘लाइफटाइम’ हा शब्द मला खटकतो. लाइफ कोणाची? ऑइलची, वॉरंटीची, की पहिल्या मालकाची? झेडएफ या जर्मन कंपनीचे गिअरबॉक्स अनेक महागड्या गाड्यांत असतात. काही कारवाले त्यातलं ऑइल लाइफटाइम आहे म्हणून सांगतात. खुद्द झेडएफ मात्र म्हणते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल तेव्हा बदला. डबा ज्याने बनवला त्याचं ऐकायचं की ज्याने विकला त्याचं, तुम्हीच ठरवा.

किलोमीटर फसवतात

अकोल्यातल्या एका मेकॅनिकभाऊंनी मला एक मुद्दा सांगितला आणि माझा हिशेबच बदलला. अमरावती-अकोला अप-डाऊन करणाऱ्याची गाडी वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर पळते, तर घरच्या गाडीचे सहा हजारही होत नाहीत. आपल्याला वाटतं, पहिली जास्त झिजली. पण हायवेवर एका वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच लागलेला असतो, आतलं घसरणं जवळजवळ बंद, ऑइल निवांत. त्यात आपला हायवे म्हणजे गिनीज बुकवाला. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झाला होता. गिअरबॉक्सला यापेक्षा सुखाची नोकरी नाही.

उलट ती कमी पळालेली गाडी पाहा. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी टिळक रोडच्या गर्दीतून भाजी, आणि रविवारी पाहुणे भरून चिखलदरा. परतवाड्याहून साधारण अकराशे मीटर उंचीपर्यंतचा घाट, पाच माणसं, एसी फुल्ल आणि गिअर सतत वर-खाली. (घाटात एल किंवा मॅन्युअल मोड वापरा हो, तो त्याचसाठी दिलाय.) ओडोमीटर म्हणतो ३५ हजार, ऑइल म्हणतं मी म्हातारं झालो. ‘‘इंजिन बोंबलते, ताई,’’ भाऊ म्हणाले, ‘‘गिअरबॉक्स चूप राह्यते, अन् एक दिवस डायरेक बसते.’’

मग तो ‘बदललं की बसते’वाला मिस्त्री?

तो खोटं बोलत नाही. त्याने खरंच तशा गाड्या पाहिल्यात. फक्त त्याच्याकडे लोक जातात कधी? डी टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करायला लागली, आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, ऑइल काळं पडून जळका वास येतोय, तेव्हा. त्या वेळी आतल्या क्लच प्लेट्सची वाट आधीच लागलेली असते. नवं ऑइल झिजलेलं मटेरिअल परत आणत नाही. काही मेकॅनिक तर म्हणतात की जुन्या ऑइलात तरंगणाऱ्या भुशामुळेच तिची पकड कशीबशी टिकलेली असते. गाडी पुढच्या महिन्यात बसते आणि नाव नव्या ऑइलवर. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नेलं आणि सलाइनने मारलं म्हणून ओरडलो, तसलाच प्रकार.

म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. टॉर्क कन्व्हर्टर असेल तर आपल्या हवामानात मी साठ ते ऐंशी हजार किलोमीटर किंवा सात-आठ वर्षं धरेन. सीव्हीटी असेल तर त्याहून लवकर, आणि मॅन्युअलमध्ये याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. वॉरंटी चालू असेल तर काम अधिकृत सेंटरमध्येच करा. आणि हो, वीस हजारालाच कोणी ऑइल बदलायचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर मॅन्युअलमधली ती ओळ दाखवा म्हणा.

सेकंडहॅण्ड घेतलीय आणि आधीचं रेकॉर्डच नाही? गिअर गुळगुळीत पडत असतील तर मशिनने प्रेशरचं फ्लश नको, साधं ड्रेन-फिल करा. यात जुनं ऑइल पूर्ण निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, असं दोन-तीन हप्त्यांत होऊ द्या. मात्र गिअर आधीच घसरत असतील तर आधी निदान, मग ऑइल.

गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा, ‘लेव्हल कशी बघता?’ बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर सपाट धरून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान पाहून, कंपनीने दिलेल्या अंशालाच ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडायचा असतो. ‘अंदाजाने टाकतो न’ असं उत्तर आलं तर चहा प्या आणि निघा. मेच्या दुपारी लिफ्टवर चढायच्या आधीच ऑइल तापलेलं असतं, तेव्हा सकाळची पहिली वेळ घेतलेली बरी. रंगावर जाऊ नका, लाल रंग नुसता ओळखीसाठी घालतात आणि सीव्हीटीचं फ्लुइड हिरवंही असतं. डब्यावरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी अक्षरन्अक्षर जुळवा. बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’ लिहू देऊ नका. ऑइलचं पूर्ण नाव, किती लिटर गेलं आणि किती किलोमीटरला, हे तिन्ही लिहून घ्या. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असणार आहे.